पुणतांब्याच्या अलीकडे गाडी बंद पडली

आमच्या कॉलेजच्या बँडमध्ये मी मोठा ढोल वाजवायचे. खरं नाव बेस ड्रम, पण आमच्याकडे सगळे त्याला मोठा ढोलच म्हणत. निवडीच्या दिवशी बँडच्या सरांनी मला पुढं बोलावलं, ढोल गळ्यात अडकवला आणि मैदानाला फेरी मारून यायला सांगितलं. मुलं हसत होती. मी फेरी मारून आले तेव्हा मला धाप लागलेली नव्हती. सर म्हणाले, "ठीक है. ढोल तुझा."

धाप न लागण्याचं कारण साधं होतं. चौथीपर्यंत मी आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला जात होते, आणि नंतर शाळेसाठी चुलतीजवळ गावात राहिले तरी हापशावरून पाणी आणायचं काम माझ्याकडेच होतं. पाथर्डीकडच्या डोंगराच्या कडेला आमचं गाव. थोडी जमीन होती, पण ती पावसावर. दिवाळी झाली की ट्रक यायचे, भांडीकुंडी, बाजरीची पोती, शेळ्या, लहान पोरं असं सगळं चढायचं आणि गाव म्हाताऱ्यांचं आणि शाळकरी पोरांचं होऊन जायचं. मग थेट उन्हाळ्याच्या तोंडाला माणसं परत.

बँडमधल्या निम्म्या पोरापोरींच्या घरी हेच होतं. त्यात लपवण्यासारखं कुणाला काही वाटत नव्हतं. "तुझे कुठं गेलेत?" "कर्नाटकात. तुझे?" "गोदावरीकडं." एवढंच बोलणं व्हायचं. फक्त सव्वीस जानेवारीला जरा जड जायचं. पंधरा ऑगस्टला आम्ही झेंड्यापुरतंच वाजवायचो. आमचं खरं संचलन सव्वीस जानेवारीला असायचं. पांढरा गणवेश, लाल पट्टा, डोक्यावर तुरा. मंडपात खुर्च्या मांडलेल्या असायच्या. तालुक्यातले व्यापारी, मास्तर, कारकून असे पालक यायचे. आमचे आई-बाप त्या वेळी कुठल्या तरी फडात मोळ्या बांधत असायचे. हंगाम संपवून घरी परतल्यावर आई विचारायची, "झालं का तुमचं वाजवून?" मी हो म्हणायचे. त्याहून जास्त काय सांगणार? बँड ही सांगायची गोष्ट नव्हे.

सर भिंगारचे. फौजेच्या बँडमध्ये आयुष्य काढून निवृत्त झालेले. आठवड्यातून तीन दिवस एसटीनं यायचे. उंच, ताठ, मिशा बारीक कातरलेल्या. हुकूम हिंदीत द्यायचे आणि रागवायचे मराठीत. मुलींना "बेटा" म्हणायचे. मुलांना काहीच म्हणायचे नाहीत, नुसतं बघायचे. त्या बघण्यानं मुलगा आपोआप सावधान उभा राहायचा.

त्या वर्षी, मी शेवटच्या वर्गाला असताना, आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात एका कॉलेजच्या क्रीडा महोत्सवाला आमच्या बँडला बोलावणं आलं. उद्घाटनाला वाजवायचं होतं. जाण्यायेण्याची गाडी ते करणार होते. सरांनी प्राचार्यांकडून एक दिवस जास्तीचा मागून घेतला. आम्हाला म्हणाले, "नीट वाजवलंत तर भंडारदरा दाखवीन. येताना शिर्डी करू. पुणतांब्याला गोदावरी बघू आणि घरी."

आम्ही नीट वाजवलं. कधी वाजवलं नव्हतं इतकं नीट वाजवलं.

भंडारदऱ्याला पोचलो तेव्हा सकाळचं ऊन नुकतं पाण्यावर आलं होतं. मी इतकं पाणी कधी पाहिलेलं नव्हतं. आमच्यापैकी कुणीच नव्हतं. डोंगरांच्या मधोमध ते निवांत पसरलेलं, मध्ये एखादी होडी, काठाला धुक्याची पातळ पट्टी. गाडीत इतका वेळ गोंधळ घालणारी पोरं खाली उतरली आणि गप्प झाली. माझी मैत्रीण, बासरी वाजवायची, बोलायला लागली की थांबायची नाही; तीसुद्धा गप्प. मग तिनंच विचारलं, "एवढं पानी कोन पितं?"

आमचा ड्रायव्हर बिडी पेटवत होता. तो म्हणाला, "ऊस."

सगळे हसले. मी पण हसले. आमच्या गावात मार्चपासून टँकर यायचा, आणि आमची माणसं जिथं पाणी आहे तिथं ऊस तोडायला जायची. हे तेव्हा कुणी बोललं नाही. आम्ही काठावर बसून पाय पाण्यात सोडले. गार होतं. मैत्रीण बाटलीत पाणी भरायला लागली. मी म्हटलं, "कशाला?" ती म्हणाली, "आजीला दाखवीन." पाणी बाटलीत भरल्यावर दाखवण्यासारखं काय राहतं हे तिला गाडीत बसल्यावर सुचलं असावं, कारण संध्याकाळपर्यंत तिनं ते पिऊन टाकलं.

रतनवाडीचं जुनं देऊळ पाहिलं. आमच्याबरोबर इतिहासाच्या मॅडम होत्या, मुलींसाठी म्हणून आलेल्या. त्या खांबांवरच्या मूर्ती समजावून सांगत होत्या. मला मूर्तींपेक्षा दगडाचा गारवा आठवतो, आणि देवळाच्या कुंडात स्वतःचं तोंड पाहून केस नीट करणाऱ्या आमच्या पोरी. सर देवळाबाहेर एका झाडाखाली बूट काढून बसले होते. त्यांना बिनबुटाचं मी पहिल्यांदाच पाहिलं. मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. मी बघितलं हे त्यांनी बघितलं, आणि पाय आत ओढून घेतला. म्हणाले, "बेटा, फौजी का पाँव है. बहोत चला है."

रात्री शिर्डीला एका धर्मशाळेत राहिलो. सकाळी दर्शनाची रांग, मग पोह्यांचा नाश्ता, मग गाडी. सगळ्यांना घरची ओढ लागलेली होती तरी कुणालाच घरी जायचं नव्हतं. गाडीत गाणी सुरू झाली. वाद्यं मागच्या बाकांवर रचलेली होती. माझा ढोल सगळ्यात वर, दोरीनं बांधलेला.

पुणतांबा चार-पाच किलोमीटर राहिलं असेल. गाडीनं एक मोठा आवाज केला, जळाल्यासारखा वास आला आणि ती घसरत घसरत रस्त्याच्या कडेला, एका बाभळीखाली उभी राहिली. ड्रायव्हर खाली उतरला, गाडीखाली गेला, बाहेर आला.

"क्लच गेला," तो म्हणाला. "श्रीरामपुरातून मिस्त्री बोलवावा लागंल. सामान मिळालं तर चार वाजतील."

"आणि नाही मिळालं तर?" मॅडमनी विचारलं.

"तर मग मॅडम, गोदावरीचं दर्शन निवांत व्हईल."

मॅडमना हसू आलं नाही. त्यांचं लहान बाळ घरी होतं. त्यांनी प्राचार्यांना फोन लावला, मग घरी लावला. आम्ही गाडीतून खाली उतरलो. सगळीकडे ऊस. एका बाजूला उभा, दुसऱ्या बाजूला तोडलेला. रस्त्यावरून दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर उसानं गच्च भरून चाललेले, त्यांच्या टेपरेकॉर्डरचा आवाज जवळ यायचा आणि लांब जायचा. हवेत गुळासारखा, थोडा आंबूस वास. मला तो वास लहानपणापासून माहीत होता. 

दिवाळीनंतर निघताना वडील म्हणाले होते, "यंदा पुनतांब्याच्या अंगाला हाय आपली टोळी." त्यानंतर फोनवर दोन-चार वेळा बोलणं झालं होतं. वडिलांचा फोन बऱ्याचदा बंद असायचा, कारण कोप्यांवर, म्हणजे त्यांच्या पाचटाच्या झोपड्यांत, लाईट नसायची आणि चार्जिंगला दुकानात द्यावा लागायचा. मी त्यांना फोन लावला. बंद. परत लावला. बंद.

मैत्रीण माझ्याकडे बघत होती. "तुझे इकडंच हायेत ना?"

"इकडं म्हंजी कुठं? एवढा ऊस हाय."

"मग विचार की कुनाला."

तिनंच एक रिकामा परतणारा ट्रॅक्टर हात करून थांबवला. मला पुढं ढकललं. मी त्या ट्रॅक्टरवाल्याला विचारलं, "दादा, पाथर्डीकडची टोळी कुठं तोडतीय, माहीत हाय का?"

"पाथर्डीच्या तीन टोळ्या हायेत. मुकादम कोन?"

मी मुकादमाचं गाव सांगितलं, एका डोळ्यानं जरा कमी दिसतं तेही सांगितलं.

"हां, ते व्हय! ते पाटाच्या कडंला. ह्ये इथून आत गेलं की मोरी लागती, तिथून डाव्या हाताला. लई लांब न्हाई. मी तिकडंच चाललोय भरायला. येती का?"

मी मागं वळून पाहिलं. सर उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"कोण आहे तिकडे?" त्यांनी विचारलं.

"आई-वडील, सर."

 सरांनी रस्त्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. मला वाटलं, म्हणतील, जाऊन ये अर्ध्या तासात, मैत्रिणीला बरोबर घे. तेवढंही मला पुष्कळ होतं.

ते म्हणाले, "त्यांनी बँड पाहिलाय का कधी?"

"न्हाई, सर."

"आणखी कुणाकुणाच्या घरच्यांनी पाहिला नाही?" हे त्यांनी सगळ्यांना विचारलं. हात वर झाले. खूप हात वर झाले. सरांनी ते पाहिले, आणि मला आठवतं, त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. मग हुकूम दिला, "सामान उतारो."

मॅडम पुढं आल्या. "सर, अहो, मुलींना घेऊन शेतात? प्राचार्यांना काय सांगू मी?"

"सांगा, सराव घेतला," सर म्हणाले. "गाडी दुरुस्त होईपर्यंत पोरं रस्त्यावर बसून काय करतील? तुम्ही चला आमच्याबरोबर. गाडीपाशी ड्रायव्हर आहे."

गणवेश पेटीत घड्या घालून ठेवलेले होते. काढायला वेळ नव्हता. कुणी ट्रॅकसूटमध्ये, कुणी पंजाबी ड्रेसमध्ये, दोघा-तिघांच्या पायात स्लिपर. मी ढोल गळ्यात घातला. सरांनी रांगा लावल्या आणि आम्ही त्या मातीच्या वाटेनं, पाटाच्या कडेनं निघालो. ट्रॅक्टर आमच्या मागून हळूहळू येत होता. त्याला घाई नव्हती, त्यालाही बघायचं होतं. आधी फक्त साइड ड्रमवर पावलांचा ठेका धरला. पाटाला पाणी होतं. एक म्हातारी पाटावर धुणं धूत होती, ती उठून उभीच राहिली. "कुनाची वरात म्हनायची ही?" तिनं विचारलं. मैत्रीण रांगेतूनच ओरडली, "हिची!" आणि सरांच्या बघण्यानं लगेच गप्प झाली.

मोरी ओलांडली आणि मला कोप्या दिसल्या. बांबूवर उसाचं पाचट टाकलेल्या, गोलसर, एकमेकींना चिकटून. शेळ्या बांधलेल्या. कुत्री भुंकत आली आणि ढोल बघून मागं सरली. त्याच्या पलीकडे फड. ट्रक अर्धा भरलेला उभा होता, फळी लावलेली होती आणि बायका डोक्यावर मोळ्या घेऊन त्या फळीवरून वर चढत होत्या. साडीवर पुरुषाचा शर्ट, डोक्याला फडकं गुंडाळलेलं, सगळ्या सारख्याच. तरी मी आईला लगेच ओळखलं. ती चढताना उजवा खांदा थोडा पुढं काढते.

सरांनी हात वर केला. मला खूण केली. मी ढोलावर पहिला ठोका दिला.

फळीवर चढलेली आई वळली नाही. मोळी डोक्यावर असताना वळता येत नाही. ती वर गेली, मोळी टाकली, मग वळली. मग तिथंच ट्रकवर उभी राहिली.

मुकादम पळत आला. "ओ सायेब, काय हाय ह्ये? गाडी भरायचीय आमाला. कारखान्यावर लाईन लागलीय."

"तुमचं काम थांबवू नका," सर त्याला म्हणाले. "तुम्ही भरा. आम्ही वाजवतो. ही पोरं तुमचीच आहेत."

"आमची?"

सरांनी माझ्याकडे बोट केलं. मुकादमानं आपल्या चांगल्या डोळ्यानं मला नीट पाहिलं. आमच्याच गावाशेजारचा माणूस, मला लहानपणी त्यानं खांद्यावर घेतलेलं. "आरं तिच्या!" तो म्हणाला आणि फडाकडे तोंड करून ओरडला, "या रं सगळी! आपली पोरगी आलीया!"

म्हणजे काम थांबलंच. ते त्यानंच थांबवलं.

तोडलेल्या फडात बुडखे असतात, तिथं संचलन करता येत नाही. आम्ही पाटाच्या रस्त्यावरच उभे राहिलो. माणसं बांधावर येऊन बसली. कोयते हातातच. पोरं पुढं. आम्ही सव्वीस जानेवारीला वाजवलं ते सगळं वाजवलं, पहिल्यापासून. चुका झाल्या. मोकळ्या शेतात आवाज पसरतो, एकमेकांचं नीट ऐकू येत नाही. बासरी मध्येच थांबायची, कारण वाजवणारी हसत होती. बिगुलवाल्या मुलाचे आई-वडील कर्नाटकात होते. सुरू व्हायच्या आधी त्यानं त्यांना फोन लावला आणि फोन तसाच ट्रॅकसूटच्या वरच्या खिशात ठेवला. त्याच्या गालांवर सगळा जोर आलेला आणि खिशातून मध्येमध्ये त्याच्या आईचं "हॅलो, हॅलो" ऐकू येत होतं.

मी माझ्या वडिलांना शोधत होते. ते बांधाच्या अगदी टोकाला, सगळ्यांच्या मागं उभे होते. ते नेहमीच मागं उभे राहतात. लग्नातसुद्धा.

संचलनाच्या शेवटी आम्ही पाहुण्यांना मानवंदना द्यायचो. मंडपात एक लाल गालिचा असायचा, त्यावर प्रमुख पाहुणे उभे राहायचे, आणि त्यांच्यासमोरून जाताना सर हुकूम द्यायचे. इथं तो भाग सोडून देऊ असं मला वाटलं होतं. सरांनी सोडला नाही. त्यांनी आम्हाला मागं नेलं, पुन्हा रांग धरली आणि बांधासमोरून चालवत आणलं. माणसं बसली होती तिथं येताच त्यांचा आवाज आला. तो आवाज कॉलेजच्या मैदानावर होता तसाच होता, रतीभरही कमी नाही.

"दाहिने देख!"

सगळ्यांच्या माना उजवीकडे वळल्या. सरांचा हात कपाळाला गेला. आणि तिथं बसलेली ती माणसं एकदम गोंधळली. काही उठून उभी राहिली. एकानं टोपी काढली. एका बाईनं पदर डोक्यावर घेतला. माझे वडील मागून पुढं आले. त्यांना काय करावं कळेना. त्यांनी हात वर केला, त्यात कोयता होता. मग कोयता डाव्या हातात घेतला आणि उजवा हात कपाळाला लावला. आम्ही सगळे पुढं जाईपर्यंत त्यांनी तो खाली घेतला नाही.

मी ढोल वाजवत होते, म्हणून मला डोळे पुसता येत नव्हते. बरंच झालं ते.

रांग मोडली तेव्हा आई ट्रकवरून खाली उतरून माझ्यासमोर आलेली होती. तिचा चेहरा उन्हानं रापलेला, गालावर पाचटाचा ओरखडा. मला वाटलं मिठी मारेल. तिनं दोन्ही हात शर्टाला पुसले आणि ढोलाला हात लावून पाहिला. मग पट्टा माझ्या खांद्यावर कुठं रुतलाय ते पाहिलं.

"एवढं वजन गळ्यात अडकवून फिरती व्हय तू?" ती म्हणाली. "मान दुखत न्हाई?"

डोक्यावरून मोळी टाकून आलेली बाई मला हे विचारत होती. मी म्हटलं, "न्हाई दुखत, आई."

"दुखत असंल. सांगत न्हाईस तू," ती म्हणाली. आणि लगेच सरांकडे वळली. "सायेब, पोरं जेवलीत का?"

पोरं जेवली नव्हती. आणि टोळीतल्या बायकांना एवढ्या पोरांना भाकरी घालणं शक्य नव्हतं, पण त्यांनी प्रयत्न केला. सकाळच्या भाकरी निघाल्या, ठेचा निघाला, एका कोपीतून शेंगदाण्याचा लाडू निघाला. एक-एक घास वाटणीला आला. बाकी पोट उसानं भरलं. वडील कोयत्यानं टिपरी करून देत होते, सगळ्यांना, शांतपणे. मॅडमना त्यांनी ऊस सोलून दिला. मॅडम म्हणाल्या, "अहो, मला येतं सोलायला." वडील म्हणाले, "येत असंल की. पन तुमी पाव्हन्या." मॅडम पाटाच्या कडेला बसून ऊस खाऊ लागल्या आणि मग बाळाचा विषय त्यांनी आईजवळ काढला, आणि दोघी बराच वेळ बोलत बसल्या.

बिगुलवाल्या मुलानं खिशातला फोन काढला. "ऐकू आलं का गं?"

त्याची आई काय म्हणाली ते त्यानं आम्हाला नंतर सांगितलं. "नुसती खरखर आली. पन चांगलं हुतं."

त्याला हसू आवरेना, मग तो पाटावर जाऊन तोंड धुऊन आला.

मुकादमाला ट्रकची आठवण झाली. कामाला सुरुवात झाली तेव्हा आमची पोरंही मोळ्या उचलायला लागली. ज्यांना सवय होती त्यांना जमलं, ज्यांना नव्हती त्यांचं हसू होऊ लागलं. मी एका मोळीला हात घातला. मला अजून येत होतं. कुठं धरायचं, गुडघा कसा लावायचा. आईनं येऊन माझे हात सोडवले.

"पाचटानं हात चिरतील," ती म्हणाली. "वाजवायचं असतं तुला."

आणि तीच मोळी तिनं उचलली.

मिस्त्री आला, सामान मिळालं, क्लच बसला, पण हे सगळं होईपर्यंत सूर्य उसाच्या शेंड्यांपर्यंत खाली आला होता. ड्रायव्हर पाटापर्यंत आम्हाला शोधत आला. गोदावरी बघायची राहूनच गेली. निघताना वडिलांनी उसाची एक मोळी गाडीत टाकली. मुकादम म्हणाला, "मालकाला सांगू नका." सर सगळ्यांशी हात मिळवत होते. वडिलांजवळ आले तेव्हा दोघंही उंच माणसं समोरासमोर उभी राहिली. सर म्हणाले, "तुमची मुलगी पाऊल कधी चुकत नाही."

वडील म्हणाले, "आईवर गेलीया."

मी वडिलांच्या तोंडून आईचं कौतुक तेव्हाच ऐकलं. आईनं ऐकलं की नाही माहीत नाही. ती कोपीतून पळत माझ्यासाठी तिचं एक स्वेटर घेऊन येत होती, कारण गाडीत गार लागेल.

परतीचा रस्ता लांबला तो लांबलाच. पुढं उसाच्या ट्रॉल्या, त्यांना ओलांडता येईना. शेवगावपर्यंत निम्मी गाडी झोपली होती. मैत्रीण माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली आणि झोपेत ऊस चघळत होती. घरी पोचायला फार उशीर झाला, चुलती दारात उभी होती, ती आधी रागावली, मग आईचं स्वेटर माझ्या अंगात पाहून तिनं ते हातात घेऊन वास घेतला. "भेटली व्हय?" एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी सरांना बोलावलं. आम्ही दाराबाहेर उभे होतो. पालकांचे फोन, मुलींची जबाबदारी, परवानगी न घेता, असं सगळं ऐकू येत होतं.  मॅडमच मध्ये म्हणाल्या, "मी होते ना बरोबर." त्यानंतरच्या दोन सरावांना सर आले नाहीत, तेव्हा आम्हाला वाटलं संपलं. तिसऱ्या सरावाला आले. बिगुलवाल्याकडे बघितलं आणि म्हणाले, "त्या दिवशी शेवटची तान फुटली होती. परत."

आता मी सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. पाळ्या असतात. सकाळच्या पाळीला जाताना रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर लागतात, आणि बसमधल्या बायका वैतागतात. मी वैतागत नाही. आई-वडील अजून काही हंगाम गेले, मग आईची कंबर धरली आणि थांबले. पुणतांब्याच्या बाजूला आता तोडणीची यंत्रं फिरतात म्हणे. मैत्रीण लग्न होऊन नाशिकला आहे, बासरी माळ्यावर आहे असं सांगते. बिगुलवाला पोलिसात गेला. आम्ही फोनवर बोललो की पाटावरच्या त्या दुपारचा विषय निघतो, आणि प्रत्येकाला वेगळंच काहीतरी आठवतं. त्याला लाडू आठवतो. मैत्रिणीला वाटतं, तेव्हा पाटात पाणी नव्हतं. मी सांगते, होतं.

दोन वर्षांपूर्वी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नगरला झालं. तपासणीला गेलो होतो तेव्हा मी तिला भिंगारला घेऊन गेले, सरांच्या घरी. आधी फोन करून विचारलं होतं. सर दारात येऊन उभे होते, काठी टेकून. आईनं बरोबर गावच्या बाजरीची पिशवी आणली होती. सरांच्या बायकोनं चहा केला. आईला वाटत होतं आता काय बोलावं, आणि सरांनाही तेच वाटत होतं. मी दोघांकडे बघत बसले.

मग सर म्हणाले, "गुडघे कसे आहेत?"

"लई दुखत्यात," आई म्हणाली. "जिना चढवत न्हाई."

"माझाही डावा," सर म्हणाले. "तेल लावता का?"

"एरंडाचं. कोमट करून. आन् फडकं बांधायचं रातभर."

सरांनी बायकोला हाक मारली आणि सांगितलं, "ऐक गं, या काय म्हणताहेत." आईनं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, किती तेल, किती वेळ, कुठल्या कापडाचं फडकं. सर लक्षपूर्वक ऐकत होते. बँडचा विषय निघालाच नाही. उठताना सरांनी तिला फाटकापर्यंत सोडलं, काठीच्या आधारानं, हळूहळू.

रिक्षात बसल्यावर आई म्हणाली, "मानूस चांगला हाय. पन लई वाळलाय. नीट जेवत न्हाई."

मग तिनं डोळ्यावरच्या हिरव्या पट्टीखालून बाहेर बघत विचारलं की पाथर्डीची गाडी माळीवाड्याच्या स्टँडवरून मिळेल का, की तारकपूरच्या स्टँडला जावं लागेल.